विश्लेषण : गृहिणी की कामकरी? संकेतांकांवरून रोजगाराची टक्केवारी कशी ठरते?

देशातील १५ वर्षे व त्यावरील महिलांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्क्यांवर गेला, असे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण (पीएलएफएस) सांगते. मात्र, सर्वेक्षणात ‘तुम्ही श्रमशक्तीत आहात का?’ असा थेट प्रश्न नसतो. नोंदला जातो तो कामाचा संकेतांक. त्यावरून टक्केवारी काढण्यासाठी संगणकाला अटी घालून द्याव्या लागतात.

संकेतांक काय सांगतात?

११ म्हणजे स्वयंरोजगार, २१ म्हणजे घरच्या शेतीत वा दुकानात विनामोबदला मदत, ३१ नियमित पगार, ५१ रोजंदारी. ८१ म्हणजे काम नाही, पण कामाच्या शोधात किंवा कामासाठी उपलब्ध. ९१ विद्यार्थी, ९२ फक्त घरकाम. हे आकडे दिसायला संख्या असले तरी ती निव्वळ नावे आहेत. त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नसतो.

नवा रकाना कसा तयार होतो?

आर, पायथन किंवा स्टाटामध्ये ‘असे असेल तर हे, नाहीतर ते’ अशी अट लिहून नवा रकाना करतात. ११ ते ५१ असेल तर ‘रोजगारात’, ८१ असेल तर ‘बेरोजगार’, ९१ ते ९७ असेल तर ‘श्रमशक्तीबाहेर’. समजा, १०० जणांपैकी ५० जण कामावर, ५ जण कामाच्या शोधात आणि ४५ जण श्रमशक्तीबाहेर आहेत. बेरोजगारीचा दर ५५ पैकी ५, म्हणजे ९.१ टक्के. पण ‘कामावर नाही तो बेरोजगार’ अशी ढोबळ अट घातली, तर तोच दर ५० टक्के होतो!

अटींचा क्रम महत्त्वाचा का?

पीएलएफएसमध्ये प्रत्येकाची मुख्य आणि दुय्यम अशा दोन स्थिती नोंदल्या जातात. वर्षातील बराच काळ घरकाम (९२) करणारी महिला किमान ३० दिवस घरच्या शेतात राबली (२१), तर नेहमीच्या स्थितीनुसार ती रोजगारात मोजली जाते. त्यामुळे ‘दोन्हींपैकी एका रकान्यात काम आहे का?’ ही अट सर्वांत आधी हवी. ९२ची अट आधी लिहिली, तर ती महिला आकडेवारीतून ‘कामकरी’ म्हणून पुसली जाते. अनेक अटी ओळीने दिल्या, की आधी जुळेल ती लागू होते.

रिकाम्या नोंदींचे काय?

खरी फसगत इथेच होते. दुय्यम काम नसलेल्यांचा तो रकाना रिकामा असू शकतो. आरमध्ये साधी ‘इफ-एल्स’ अट दिली, तर मुख्य काम नसलेल्या अशा व्यक्तीचे उत्तरही रिकामेच येते. पुढे रिकाम्या नोंदी वगळल्या, की घरकाम करणाऱ्या महिला छेदातूनच गायब होतात आणि सहभागाचा दर अकारण फुगतो. वरच्या उदाहरणातील ४५ जण असे गळाले, तर ५५ टक्के सहभाग थेट १०० टक्के दिसेल. स्टाटामध्ये उलटा धोका असतो. तिथे रिकामी नोंद कोणत्याही संख्येपेक्षा मोठी मानली जाते. त्यामुळे ‘५१ पेक्षा जास्त’ या अटीत तीही मोजली जाते.

चूक कशी टाळायची?

नवा रकाना जुन्या संकेतांकांसमोर मांडून प्रत्येक गटात किती जण आले, हे तपासायचे. रिकाम्या नोंदींसाठी स्वतंत्र अट लिहायची. आणि टक्केवारी वाचताना विचारायचे, छेदात नेमके कोण आहे?