बरे वाटले तरी गोळी सोडू नका

‘‘डॉक्टरसाहेब, आता बरं वाटते. गोळी बंद केली तर चालते का?’’ आर्वीकडील एका शेतकऱ्याने परवा मला विचारले. त्यांना ‘सीएमएल’ हा रक्ताचा कर्करोग आहे.

या रोगात ९ व २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात. आखूड झालेले २२ वे गुणसूत्र १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियात आढळले. म्हणून ते ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’. या अदलाबदलीतून बनणारे प्रथिन पांढऱ्या पेशी बेसुमार वाढविते. इमॅटिनिबची गोळी नेमके तेच प्रथिन रोखते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या पेटंटचा दावा फेटाळला व स्वस्त भारतीय गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला.

मात्र गोळीत खंड पडला की दबलेल्या रोगट पेशी पुन्हा वाढतात. त्यांच्या जनुकांत वा गुणसूत्रांत नवे बदल झाले, तर तीच गोळी निष्प्रभ ठरू शकते. हे बदल सुरुवातीला अंगाला जाणवत नाहीत, तपासणीतच कळतात. म्हणून गोळी रोज घ्यावी आणि साधारण दर तीन महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तशी, रक्ततपासणी करावी.

काहींची गोळी अनेक वर्षांनी थांबविता येते. पण तो निर्णय तपासण्या पाहून डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.