वऱ्हाडातील विवाह नोंदणी आणि विवाहविषयक अभिलेखांचा शोध : अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

सारांश

विवाह हा भारतीय समाजात प्रामुख्याने संस्कार मानला गेला. त्यामुळे त्याची शासकीय नोंद ही तुलनेने अलीकडची बाब आहे. प्रस्तुत लेखात अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या संदर्भात विवाह नोंदणीची कायदेशीर चौकट, तिची कार्यपद्धती आणि जुन्या विवाहांचा पुरावा शोधण्याचे मार्ग यांचे विवेचन केले आहे. नोंदीच्या अभावाची किंमत मुख्यतः स्त्रियांना मोजावी लागते, हे या विवेचनातून स्पष्ट होते.

बीजसंज्ञा : विवाह नोंदणी, वऱ्हाड, कोतवाल बुक, निकाहनामा, विशेष विवाह अधिनियम.

१. प्रस्तावना

पतीच्या निधनानंतर कुटुंबनिवृत्तिवेतन, विम्याची रक्कम, सातबाऱ्यावरील वारस नोंद किंवा शासनाचे सानुग्रह अनुदान मिळवण्यासाठी पत्नीला आपण त्याची पत्नी होतो हे सिद्ध करावे लागते. ज्या गावात तिचे लग्न झाले त्या गावाला ते ठाऊक असते, मात्र कार्यालयाला कागद लागतो. कापसाच्या शेतीवर अवलंबून असलेल्या आणि शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर चर्चिल्या गेलेल्या या प्रदेशात हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. पारपत्र, पतीच्या नावाने रहिवास, जातपडताळणी, पोटगीचा दावा अशा इतर प्रसंगीही तो उपस्थित होतो. म्हणून विवाहाची नोंद कोठे होते, कशी होते व ती नसल्यास पुरावा कोठे शोधावा, याची माहिती अध्यापकांना असणे आवश्यक आहे. कारण विद्यार्थी व पालक पहिली विचारणा अनेकदा त्यांच्याकडेच करतात.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १९०३ मध्ये ते प्रशासनासाठी मध्य प्रांताला जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर हा प्रदेश मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात समाविष्ट झाला. अभिलेखांचा शोध घेताना हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो. मुंबई राज्याने विवाह नोंदणीचा अधिनियम १९५३ मध्ये संमत केला, तेव्हा वऱ्हाड त्या राज्यात नव्हते. पुणे वा मुंबई येथील त्या काळच्या नोंदवह्यांसारख्या नोंदवह्या अमरावतीत सापडतील ही अपेक्षा त्यामुळे चुकीची ठरते.

इंग्रज अमदानीत हिंदू विवाहाची नोंद सक्तीची नव्हती. १८७२ च्या विशेष विवाह अधिनियमाखाली नोंदणी विवाह करता येत असे. परंतु त्यासाठी आपण हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती इत्यादी कोणताही धर्म मानत नाही असे वधूवरांना जाहीर करावे लागे. डॉ. हरिसिंह गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे हिंदू, बौद्ध, शीख व जैन व्यक्तींना आपला धर्म न नाकारता असा विवाह करणे शक्य झाले.

आंतरजातीय विवाहाच्या वैधतेचा प्रश्न मात्र बराच काळ रेंगाळला. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९२७ मध्ये विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. निरनिराळ्या जातींच्या हिंदूंमधील विवाह केवळ त्या कारणास्तव अवैध ठरणार नाहीत, असे सर्वसाधारण संरक्षण कायद्याने दिले ते १९४९ मध्ये. या दोन सालांमधील अंतर पाहिले म्हणजे तत्कालीन सुधारकांनी पत्करलेल्या जोखमीची कल्पना येते.

३. परवाना आणि नोंद यांतील भेद

अमेरिकेत वधूवर सामान्यतः प्रथम काउंटीच्या कार्यालयातून विवाहाचा परवाना घेतात. विधी पार पडल्यावर विधी करणाऱ्याच्या सहीनिशी तो परवाना त्याच कार्यालयात परत जातो आणि तेथे नोंदला जातो. परवाना व अभिलेख एकाच ठिकाणी राहत असल्याने पुढील पिढ्यांना शोध सोपा जातो. आपल्याकडील क्रम उलट आहे. धार्मिक वा रूढ पद्धतीने लागलेल्या लग्नासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. लग्न आधी लागते, नोंद मागाहून होते आणि पुष्कळदा राहूनही जाते. परवान्याशी साम्य असलेली व्यवस्था आढळते ती मुख्यतः १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमात.

४. नोंदणीची प्रचलित कार्यपद्धती

४.१ धार्मिक वा रूढ पद्धतीने झालेले विवाह

महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ हा कायदा १९९९ मध्ये अमलात आला. विवाह कोणत्याही धर्माच्या पद्धतीने झालेला असो, त्याची नोंद या अधिनियमाखाली करता येते. ग्रामीण भागात ग्रामसेवक (२०२४ च्या निर्णयानुसार ग्रामपंचायत अधिकारी) आणि शहरी भागात नगरपरिषद वा महानगरपालिकेने नेमलेला अधिकारी निबंधक म्हणून काम पाहतो. वधूवरांनी विहित नमुन्यातील ज्ञापन, म्हणजे नमुना 'ड', भरून विवाहाच्या दिनांकापासून ९० दिवसांच्या आत सादर करावयाचे असते. मुदत उलटल्यास विलंब शुल्क भरून नोंद करता येते. लग्नाला अनेक वर्षे लोटली म्हणून नोंदणीचा मार्ग बंद झाला, हा समज बरोबर नाही.

ज्ञापनावर वधूवरांबरोबर तीन साक्षीदारांच्या व विधी लावणाऱ्या पुरोहित, काझी वा भन्ते यांच्या सह्या असतात. वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, छायाचित्रे आणि लग्नपत्रिका जोडण्याची पद्धत आहे. निबंधकाची खातरजमा झाल्यावर नमुना 'इ' मध्ये प्रमाणपत्र दिले जाते. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये विवाह नोंदीचा दाखला ही विहित मुदतीत द्यावयाची अधिसूचित सेवा आहे. त्यामुळे दिरंगाई झाल्यास अपील करण्याचा हक्क अर्जदाराला आहे.

४.२ विशेष विवाह अधिनियम, १९५४

या अधिनियमाखालील विवाह विवाह अधिकाऱ्यासमोर होतो. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाच्या कार्यालयातून चालते. वधूवरांपैकी किमान एकाचे त्या जिल्ह्यात सूचनेच्या लगतपूर्वी ३० दिवस वास्तव्य असावे लागते. सूचना नोटीस वहीत नोंदवून कार्यालयात लावली जाते व ३० दिवसांत आक्षेप मागवले जातात. आक्षेप नसल्यास तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो आणि त्याची नोंद विवाह प्रमाणपत्र पुस्तकात केली जाते. सूचनेपासून तीन महिन्यांत विवाह न झाल्यास नवी सूचना द्यावी लागते.

जाहीर सूचनेची ही तरतूद वादग्रस्त ठरली आहे. आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाह करू इच्छिणाऱ्यांचे नावगाव सूचना फलकावर लागल्याने कुटुंबाचा दबाव येण्याचा धोका असतो. ज्यांना कायद्याचे संरक्षण सर्वाधिक हवे, त्यांनाच या तरतुदीचा जाच अधिक होतो.

५. जुन्या विवाहांच्या अभिलेखांचा शोध

५.१ शासकीय अभिलेख

१९९९ नंतरच्या विवाहाचा शोध तीन ठिकाणी घ्यावा : लग्न लागले ते गाव, वराचे गाव आणि वधूचे गाव वा सध्याचे वास्तव्य. शहराच्या बाबतीत कार्यालयाचा इतिहासही पाहावा लागतो. अमरावती महानगरपालिका १९८३ मध्ये व अकोला महानगरपालिका २००१ मध्ये अस्तित्वात आली. त्यापूर्वीचे दप्तर नगरपरिषदेचे आहे. वाशीम हा १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग होता. त्यामुळे मंगरूळपीर वा कारंजा येथील कुटुंबाला जिल्हास्तरीय जुन्या कागदासाठी अकोल्यातही चौकशी करावी लागू शकते.

विशेष विवाह अधिनियमाखालील प्रमाणपत्र पुस्तक निरीक्षणासाठी खुले असते व शुल्क भरून त्यातील नोंदीचा प्रमाणित उतारा मिळतो. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाखालील नोंदवहीही निरीक्षणासाठी खुली आहे.

५.२ धर्मसंस्थांकडील दप्तर

ख्रिस्ती विवाहांच्या नोंदी १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमानुसार चर्चच्या नोंदवहीत ठेवल्या जातात. त्यांचा शोध घेण्याची व प्रत मिळण्याची तरतूद त्याच अधिनियमात आहे. मुस्लीम विवाहात निकाहनामा हा महत्त्वाचा दस्तऐवज होय. त्यात वधूवरांची नावे, वकील व साक्षीदार, मेहेरची रक्कम आणि दिनांक असतो. पक्षांकडील प्रत गहाळ झाल्यास निकाह लावणाऱ्या काझीच्या दप्तरात शोध घ्यावा लागतो. हे दप्तर बहुधा उर्दूत असते आणि दिनांक हिजरी सनात असू शकतो. तेव्हा त्याचे रूपांतर काळजीपूर्वक करावे.

५.३ अप्रत्यक्ष साधने

हिंदू व बौद्ध कुटुंबांतील जुन्या विवाहांची थेट नोंद बहुधा सापडत नाही. अशा वेळी अप्रत्यक्ष साधनांची साखळी जोडावी लागते. वऱ्हाडात यासाठी सर्वपरिचित साधन म्हणजे कोतवाल बुक. गावातील जन्ममृत्यूच्या या नोंदी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नक्कल स्वरूपात मिळतात. ही विवाहाची नोंद नव्हे. तथापि अपत्याच्या जन्माची नोंद पित्याच्या नावासह असल्याने विवाहाच्या काळाचा अंदाज बांधता येतो. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, वारसाचे फेरफार आणि जुन्या मतदार याद्या यांचाही याच रीतीने उपयोग होतो. काही जुने कागद मोडी लिपीत असतात. न्या. संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त २०२३ पासून राज्यभर कुणबी नोंदींचा शोध घेतला गेला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची गरज प्रकर्षाने जाणवली.

घरातील कागदही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. लग्नपत्रिका, सोयरीक ठरताना दोन्ही पक्षांनी लिहिलेली याद आणि आहेराची वही यांत तिथी, गाव व नातेवाइकांची नावे आढळतात. त्र्यंबकेश्वरसारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांतून कुटुंबाच्या पिढ्या कळू शकतात.

शोधातील सर्वांत मोठी अडचण नावाची आहे. विवाहानंतर स्त्रीचे आडनावच नव्हे, तर पुष्कळदा पहिले नावही बदलले जाई. शाळेच्या रजिस्टरमधील मुलगी आणि सातबाऱ्यावरील विधवा या एकच होत हे दाखवण्यासाठी माहेर व सासर या दोन्हीकडील कागद एकत्र ठेवावे लागतात. विधवेच्या पाटाच्या लग्नात थाट कमी, पत्रिका नाही, त्यामुळे कागदही कमी. ज्या स्त्रीला पुराव्याची गरज अधिक, तिच्याच विवाहाच्या खुणा अशा रीतीने पुसट राहिल्या.

६. मेळघाटातील प्रश्न

धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू समाजाला, अनुसूचित जमाती असल्याने, केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारे लागू केल्याखेरीज हिंदू विवाह अधिनियम लागू होत नाही. तेथील विवाह रूढीने होतात. भावी जावयाने काही काळ सासरी राहून श्रम करण्याची लमझना ही प्रथाही या समाजात ज्ञात आहे. रूढीने झालेल्या विवाहाची नोंद १९९८ च्या अधिनियमाखाली करता येते. मात्र छापील पत्रिका वा पुरोहिताचा दाखला यांचा आग्रह धरल्यास हा मार्ग व्यवहारात अवघड होतो. अशा ठिकाणी गावातील जाणत्या साक्षीदारांची सही अधिक अर्थपूर्ण ठरते.

बालविवाहाचा प्रश्न याहून बिकट आहे. वधूचे वय १८ व वराचे २१ पूर्ण नसल्यास नोंदणी टाळली जाते किंवा विवाहाची तारीख पुढची दाखवण्याचा मोह होतो. ज्ञापनात खोटी माहिती देणे हा अपराध आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमानुसार बालविवाह सर्वसाधारणपणे शून्यकरणीय असतो, म्हणजे तो आपोआप रद्द होत नाही. परिणामी विवाह कायम, परंतु कागद नाही, अशा स्थितीत ती मुलगी सापडते.

७. नोंदीचे पुराव्यातील मूल्य

सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ च्या निर्णयात सर्व धर्मांच्या नागरिकांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. नोंद हा स्वतःच वैध विवाहाचा निर्णायक पुरावा नसला, तरी तिचे पुराव्यातील मूल्य मोठे आहे, असे न्यायालयाने नमूद केले. उलटपक्षी, केवळ नोंद झाली नाही म्हणून हिंदू विवाह अवैध ठरत नाही. तसेच आवश्यक विधीच झाला नसेल, तर प्रमाणपत्रामुळे हिंदू विवाह अस्तित्वात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. दीर्घकाळ पतिपत्नी म्हणून राहिलेल्या जोडप्याच्या बाबतीत विवाह झाला असल्याचे अनुमान करता येते, असे १९७८ च्या निर्णयात म्हटले आहे. कागद हरवलेल्या वृद्ध स्त्रियांना या अनुमानाचा आधार मिळू शकतो.

८. निष्कर्ष

वऱ्हाडातील विवाहाचा अभिलेख एका कार्यालयात नसून ग्रामपंचायत, नगरपालिका, तहसील, विवाह अधिकारी, धर्मसंस्था व घरातील पेटी यांत विखुरलेला आहे. त्याचा शोध घेताना प्रदेशाचा प्रशासकीय इतिहास, लिपी व नामांतराची प्रथा यांचे भान ठेवावे लागते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातील अनोंदित विवाहांची ज्ञापने भरून घेणे, इतिहास व मराठी विभागांनी मोडी वाचनाचे वर्ग चालवणे आणि कुटुंबांकडील जुन्या पत्रिका व याद्यांची प्रतिमा जतन करणे ही कामे महाविद्यालयांना सहज करता येण्याजोगी आहेत. प्रमाणपत्राची गरज भासते तो दिवस बहुधा संकटाचा असतो आणि त्या दिवशी साक्षीदार हयात असतीलच असे नाही. म्हणून नोंद साक्षीदारांच्या हयातीत होणे हेच हिताचे आहे.