बंद गॅलरीत पाणी येतं कुठून?

मीरा रोड किंवा भाईंदरमधल्या एखाद्या जुन्या सोसायटीसमोर उभं राहून वर पाहिलं, तर उघडी गॅलरी शोधावी लागते. खोली कमी पडते म्हणून, कबुतरांचा त्रास म्हणून बहुतेकांनी तिला सरकत्या काचा बसवून घेतल्या आहेत. मग तिथे वॉशिंग मशिन येतं, मुलांचं अभ्यासाचं टेबल येतं, कधी आजोबांची खाटही येते. आणि जुलैत त्याच गॅलरीत खिडकीखाली जुनी चादर, बोळे आणि बादली. दरवर्षी सिलिकॉनच्या ट्यूब रिकाम्या होतात, तरी पाणी येतंच.

मुळात गॅलरी बांधलेली असते ती भिजण्यासाठी. तिच्या लादीला बाहेरच्या बाजूला उतार असतो आणि कोपऱ्यात पाणी जायला पाइप. बंद करताना पुष्कळदा नेमका हाच पाइप बुजवला जातो, लादी खोलीच्या पातळीला उचलली जाते. आत आलेल्या पाण्याने जायचं कुठे, हे कोणी विचारत नाही.

पाऊस भिंतीतून आत यायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: भिंतीवर पाणी, एखादी फट आणि त्या फटीतून पाणी ढकलणारं बळ. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले जी. के. गार्डन यांनी १९६३ मध्ये ही मांडणी केली. इमारतींच्या शास्त्रात ती आजही वापरतात. आपण मात्र फक्त फटींच्या मागे लागतो. ॲल्युमिनियम उन्हाने काँक्रीटच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे चौकट आणि भिंत यांच्यातली बुजवलेली फट काही काळाने पुन्हा उघडणारच. उरलेल्या दोन गोष्टींकडे बघितलं, तर काम सोपं होतं.

आधी बळाचं बघू. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. उत्तनच्या बाजूला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, मधे मिठागरांचे मोकळे पट्टे; वाऱ्याला आडवं यायला फारसं काही नाही. ताशी ५४ किलोमीटर वेगाचा वारा काचेवर आदळला की साधारण १३५ पास्कल दाब पडतो. हा दाब सुमारे १४ मिलिमीटर उंचीचं पाणी तोलून धरू शकतो. वेग ७२ झाला तर ही उंची २४ मिलिमीटरपर्यंत जाते. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकची आतली पट्टी याहून बुटकी असेल, तर ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी वारा उचलून थेट आत टाकतो. वरच्या मजल्यांवर वारा अधिक, म्हणून तळमजल्यावरच्या शेजाऱ्याची खिडकी कोरडी आणि आपली ओली.

यावर उपाय खिडकी बनवणाऱ्यानेच दिलेला असतो. ट्रॅकच्या बाहेरच्या पट्टीत, अगदी तळाशी, पाणी जायला बारीक छिद्रं असतात. ती धुळीने, रंगाने भरतात. किंवा मुंग्या येतात म्हणून आपणच सिलिकॉनने बंद करतो. माझ्या मते गॅलरीच्या गळतीतला हा सर्वांत स्वस्तात सुटणारा दोष आहे. खराट्याच्या काडीने छिद्रं मोकळी करा आणि ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. मिनिटभरात ते बाहेर गेलं नाही, तर छिद्रं अजून हवीत.

आता वरून येणारं पाणी. छज्जाच्या कडेवरून ओघळणारं पाणी सरळ खाली पडत नाही; पृष्ठताणामुळे ते छज्जाच्या तळाला चिकटून आत सरकतं आणि चौकटीच्या माथ्यावर उतरतं. तळाच्या कडेला, बाहेरून इंच-दीड इंच आत, बोटभर रुंदीची खाच असली की ओघळ तिथे तुटून थेंब खाली पडतो. खिडकीखालच्या कट्ट्यालाही बाहेरच्या बाजूला उतार हवा. एसीच्या नळीचं आणि केबलचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं. बाहेरची नळी आधी खाली झोळासारखी वळवून मग वर आत घ्यायची, म्हणजे पाणी वळणावरूनच गळून जातं.

पाणी नेमकं कुठून येतं हे कळायला पाऊस उघडलेला दिवस आणि बागेचा पाइप पुरतो. पाणी खालून वर मारत जायचं: आधी कट्टा, मग ट्रॅक, मग बाजू, शेवटी छज्जा. प्रत्येक जागी दहा मिनिटं, आतून एकाने टॉर्च घेऊन पाहायचं. वरून सुरुवात केली, तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. हे सज्जावर चढून करायचं काम मात्र नव्हे. बाहेरून करायचं ते दोर-पट्टा बांधलेल्या कामगाराकडूनच. भिंत नुसती दमट असेल, तर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवा. फॉइलच्या मागे पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येते. वरच्या बाजूला दिसलं तर ती घरातलीच वाफ, बहुधा आत वाळत घातलेल्या कपड्यांची.

ओल दिसायला किरकोळ दिसते. भिजलेल्या प्लायवूडवर, गादीवर, पीओपीवर एक-दोन दिवसांत बुरशी धरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरातली ओल आणि बुरशी यांचा संबंध खोकला, छातीतली घरघर, श्वसनाचे संसर्ग आणि दमा बळावण्याशी जोडला आहे. म्हणून अभ्यासाचं टेबल किंवा आजोबांची खाट ओलीच्या भिंतीला टेकवू नये. काळे डाग कोरड्या ब्रशने खरवडले की बीजाणू हवेत उडतात. मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावेत. डागांवर नुसता रंग मारणं म्हणजे पैसे वाया. गॅलरीतल्या वॉशिंग मशिनच्या सॉकेटला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे का, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं.

याहून गंभीर गोष्ट लादीखाली असते. पुढे काढलेल्या गॅलरीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळया वरच्या बाजूला असतात, कारण ताण तिथेच येतो. लादीवर मुरणारं पाणी सर्वांत आधी त्यांनाच गाठतं. समुद्रकाठच्या हवेतले क्षार हे काम लवकर उरकतात. गंजलेलं लोखंड फुगून काँक्रीट फोडतं. स्लॅबला खालून किंवा कडेला तडे, गंजाचे तांबूस ओघळ दिसले, तर ट्यूब विकत घेण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा.

खर्चावरून भांडणं ठरलेली. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणं सोसायटीकडे येतं. पण चौकट तुम्ही स्वतः बसवली असेल, तर समिती तिकडे बोट दाखवणार. इंजिनिअरचा लेखी अहवाल हातात असला की निदान चर्चा मुद्द्यावर येते.

सिलिकॉन ओल्या किंवा धुळकट भिंतीला धरत नाही. छिद्रं साफ करणं, कपडे वाळवायची जागा बदलणं, खाट हलवणं हे आज करता येईल. बाहेरची खाच, उतार आणि वॉटरप्रूफिंग दिवाळीनंतर, भिंती पूर्ण वाळल्यावर.