प्लॉट स्वस्त, नाली महाग

वर्ध्यात घर बांधायचे ठरले की चर्चा दोनच गोष्टींवर होते: स्टेशन किती लांब आणि चौरस फुटाचा भाव काय. 2011च्या जनगणनेत नगर परिषदेच्या हद्दीत लाखापेक्षा थोडी जास्त माणसे राहत होती. पण गाव वाढते आहे ते या हद्दीबाहेर. 1969मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, पुढे सावंगी मेघे येथे दुसरे आले, हिंदी विश्वविद्यालय आले. या संस्थांतल्या नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना सामावून घेतले ते पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी अशा गावांनी. विनोबा 1932मध्ये ज्या नालवाडीत राहायला गेले, तिथे आज अपार्टमेंटच्या पाट्या आहेत. वस्ती शहराची आणि कारभार ग्रामपंचायतीचा, अशी ही स्थिती. म्हणून प्लॉट निवडताना पहिला प्रश्न भावाचा नसावा. या प्लॉटवरचे सांडपाणी कुठे जाणार आणि ते नेण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी विचारावे. हद्दीबाहेरचा प्लॉट स्वस्त दिसतो, कारण रस्ता, नाली आणि पाणी यांचा खर्च त्या किमतीत अजून धरलेलाच नसतो. तो पुढे घरमालकाच्या खिशातून जातो.

हे वर्ध्याला जास्त लागू पडते ते इथल्या मातीमुळे. कपाशीला मानवणारी काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरवर पाया घेतलेले घर तिच्याबरोबर हलते. दाराची चौकट अडकू लागते, भिंतीला तिरपी चीर जाते. उपाय ठाऊक आहेत. मुरूम लागेपर्यंत खोदावे, प्लिंथ बीम घालावा. काळा थर खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले पाइल वापरावेत. पण यात पैसा जातो आणि प्लॉट स्वस्त मिळाल्याचा आनंद तिथेच अर्धा होतो. दुसरी अडचण दिसत नाही, म्हणून जास्त त्रासदायक. जिथे गटारे नाहीत तिथे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा यांवर भिस्त असते. पण चिकण काळी माती पाणी फार हळू जिरू देते. भर पावसाळ्यात शोषखड्डा तुडुंब भरतो, पाणी उघड्या नालीत येते, आणि नाली नसेल तर शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर. त्याच आवारात बोअर असेल तर बेसाल्टच्या भेगांमधून ते पाणी बोअरपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. म्हणजे नाली नसणे हा निव्वळ घाणीचा नव्हे, पिण्याच्या पाण्याचाही प्रश्न आहे.

कागदांबद्दल थोडक्यात. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव चढले म्हणून मालकी सिद्ध होत नाही. सातबारा किंवा आखीव पत्रिका, फेरफार, अकृषक परवानगी आणि मंजूर ले-आउटचा नकाशा हे सगळे एकमेकांशी जुळले पाहिजे. महारेरा 2017पासून आहे आणि पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर तिथे नोंदणी लागते, हे अनेकांना माहीत नसते. रेरा फक्त फ्लॅटसाठी, असा समज आहे. नकाशात खुली जागा दाखवलेली असेल तर ती प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावी. कागदावरच्या बागेत दोन घरे उभी असणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे, की उद्या हद्दवाढ होईल आणि नगर परिषद सगळे करून देईल. होईलही. पण हद्दवाढीने प्रशासन बदलते, जमीन वाढत नाही. सहा मीटरचा रस्ता सोडून वसलेल्या ले-आउटमध्ये कुंपणे उभी राहिल्यावर नालीला उतार कुठून काढणार? नळ उशिरा येऊ शकतो. न सोडलेली जागा मात्र पुढे कोणीच देत नाही, आणि कर तर नव्या हद्दीत वाढण्याचीच शक्यता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शहरातही कुठे सगळे नीट आहे? खरे आहे. शहर आणि भोवतालची गावे दोन्ही शेवटी धाम नदीवरच विसंबून आहेत. पवनारच्या नदीपात्रातले पाणी आटले की दोघांचेही घसे कोरडे पडतात. म्हणूनच हा लेख शहराची बाजू घेत नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीतही रुंद रस्ते आणि उताराच्या नाल्या असलेले जुने ले-आउट आहेत, आणि शहराच्या आत नाल्याकाठी दाटीने उभी घरेही आहेत. राहिला प्रश्न कमी पगाराच्या माणसाचा, ज्याला महाग प्लॉट परवडतच नाही. त्याच्यासाठी तर हा हिशेब आणखी गरजेचा, कारण पाया पुन्हा बांधण्याइतके पैसे त्याच्याकडे नसतात. हजार फुटांच्या कोरड्या प्लॉटवर दोन खोल्या बांधणे हे पंधराशे फुटांच्या पाणथळ प्लॉटपेक्षा त्याला शेवटी स्वस्त पडते.

ले-आउटवाले प्लॉट दाखवतात ते बहुधा उन्हाळ्यात. तेव्हा प्रत्येक जमीन कोरडी आणि प्रत्येक रस्ता चालण्याजोगा असतो. इसार देण्याआधी जुलैअखेर, दोन दिवस सलग पाऊस पडल्यावर तिथे एक फेरी मारावी, आणि शेजारी आधीच राहायला आलेल्या घरी शोषखड्डा वर्षातून किती वेळा उपसावा लागतो एवढे विचारावे.