कबुलीची किंमत

बोस्नियातील सर्ब नेतृत्वात पहिल्या फळीत असलेल्या बिल्याना प्लावशिच यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये हेगच्या, युद्धगुन्ह्यांसाठीच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणापुढे एक गुन्हा कबूल केला: बिगर-सर्ब जनतेचा वंश, धर्म आणि राजकारणावरून केलेला छळ. बदल्यात वंशसंहारासह बाकीचे आरोप मागे घेण्यात आले. शिक्षा झाली ११ वर्षांची. एवढ्या मोठ्या पदावरच्या व्यक्तीचा पश्चात्ताप समेटाला हातभार लावेल, असं न्यायाधीशांनी मानलं. २००९ मध्ये, स्वीडनच्या तुरुंगात असताना एका मासिकाशी बोलताना त्यांनी सांगितलं, की आपण काहीच चुकीचं केलं नव्हतं, बाकीचे आरोप टळावेत म्हणून कबुली दिली. त्याच वर्षी, दोन तृतीयांश शिक्षा भोगून त्या सुटल्या.

असा सौदा करण्यामागे सबळ कारणं असतात. न्यायाधिकरणाकडे स्वतःचे पोलीस नव्हते, खटले वर्षानुवर्षं चालत, आणि अनेक खटल्यांत पीडितांना तेच दुःख पुन्हा सांगावं लागे. शिवाय आतल्या माणसाशिवाय कटाची साखळी उलगडत नाही. बोस्नियातील स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडात, ब्रान्येवो फार्मवर १६ जुलै १९९५ रोजी सुमारे १,२०० जणांना गोळ्या घातल्या गेल्या, हे द्राझेन एर्देमोविच या सर्ब फौजेतल्या साध्या सैनिकाने सांगितलं. आपल्या हातून ७० जण मेले असावेत, नकार दिला असता तर आपल्यालाही मारलं असतं, असं तो म्हणाला. त्याला अखेर पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढे वरिष्ठांच्या खटल्यांत त्याने साक्ष दिली. ती सूट मला पटते.

मोमिर निकोलिच या सर्ब फौजेतल्या अधिकाऱ्यानेही स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडाचा तपशील दिला. अभियोग पक्षाने १५ ते २० वर्षं मागितली, न्यायाधीशांनी २७ दिली; ते कराराला बांधील नव्हते. अपिलात २० झाली. करार पदरात पडावा म्हणून त्याने सुरुवातीला, न केलेला गुन्हाही अंगावर घेतला होता. सौद्याचा हा धोका फारसा बोलला जात नाही.

शिक्षा कमी झाली, तरी गुन्ह्याची नोंद राहते. पण आरोपच सोडून दिला, की त्याबद्दलचा पुरावा त्या खटल्यात कधी मांडलाच जात नाही, आणि ज्यांची माणसं गेली त्यांना निकालही मिळत नाही. एवढं सोडायचं, तर मोबदल्यात ठोस माहिती हवी. पश्चात्ताप खरा की खोटा, हे कुठलंही न्यायपीठ तपासू शकत नाही. साक्ष मात्र तपासता येते. प्लावशिच यांच्या करारात इतरांविरुद्ध साक्ष देण्याचं बंधन नव्हतं. त्या अटीशिवाय वंशसंहाराचा आरोप मागे घेणं ही अभियोग पक्षाची गंभीर चूक होती.