मायची पोत, पोराचे यंत्र आणि बिटकॉइनचा हिशेब

आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या गल्लीत एक मावशी राहतात. हळदीच्या हंगामात हिंगोलीच्या मार्केटात हळद निवडायला जातात, इतर वेळी चार घरची धुणीभांडी. मालक वारले तेव्हा मुलगा सातवीत होता. त्याला त्यांनी आयटीआयपर्यंत शिकवला, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी विहारातली वंदना आटोपून आम्ही चपला घालत होतो, तेव्हा मावशी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “भाऊ, पोरगं रातभर जागतंय. म्हणतंय, माय, पोत गहाण ठेव, मला मशीन बनवायचंय, त्यातून पैसा निघतो. तुम्ही शिकलेले आहात, बघा जरा.”

मशीनमधून पैसा निघतो हे शब्द ऐकले आणि आमच्या पोटात गोळा आला. त्याचे कारण सांगायला थोडे मागे जावे लागेल.

२०१६ च्या ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. त्यानंतरच्या वर्षी शेजारच्या एका शहरातल्या मंगल कार्यालयात आम्ही एका सभेला गेलो होतो. कोट घातलेला एक तरुण पडद्यावर चित्रे दाखवून सांगत होता, की परदेशात आमच्या कंपनीची मोठमोठी यंत्रे रात्रंदिवस ‘कॉइन’ खणतात, तुम्ही नुसते पैसे लावा. सभेत आपला समाज बराच आहे हे पाहून त्याने बाबासाहेबांच्या ‘दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथाचे नाव घेतले. बाबासाहेबांना हेच हवे होते, असेही तो म्हणाला. टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. आम्ही बी.कॉम., कचेरीत रोज कीर्द-खतावणी पाहणारे, तरीही आमचे बारा हजार गेले. आमच्या सांगण्यावरून आणखी दोन घरांचे गेले, ते जास्त लागते. कंपनीचे नाव इथे देत नाही. तिचे कार्यालय दिवाळीनंतर बंदच होते.

त्याच काळात ‘गेनबिटकॉइन’ हे प्रकरण महाराष्ट्रात गाजले. दरमहा दहा टक्के याप्रमाणे अठरा महिने परतावा, असे आश्वासन होते. एकट्या २०१७ सालात ६६०० कोटी रुपयांच्या किमतीचे बिटकॉइन लोकांकडून गोळा झाले, असे सक्तवसुली संचालनालयाचे म्हणणे आहे. या पैशातून खाणकामाची यंत्रे चालवून नफा मिळेल, असे लोकांना सांगितले गेले होते. मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला २०१८ च्या एप्रिलमध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. तो २०२२ च्या जानेवारीत वारला. तपासाला मदत म्हणून घेतलेल्या दोन तांत्रिक तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी २०२२ च्या मार्चमध्ये अटक केली. आरोप असा, की जप्तीतले बिटकॉइन त्यांनीच वळवले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये देशभरातले गुन्हे सीबीआयकडे दिले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठाहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या.

म्हणून त्या रविवारी संध्याकाळी आम्ही मावशींच्या घरी गेलो ते पोराला चार शब्द सुनवायच्या तयारीने.

पण पोरगा वेगळाच निघाला. “काका, मी कोणत्या कंपनीत पैसे घालत नाही. मला बोर्ड बनवायचाय,” तो म्हणाला आणि संगणकावर त्याने एक नकाशा उघडला. हिरव्या-लाल रेषांचे जाळे. किकॅड नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्याने ते स्वतः काढले होते. आम्हाला त्यातले काही कळेना. मग आम्ही म्हणालो, बाबा, आधी खाणकाम म्हणजे काय ते सांग. त्याने जे सांगितले ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो.

बिटकॉइन म्हणजे एक रोजकीर्द आहे असे समजा. कोणी कोणाला किती दिले याची नोंद. कीर्दीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर आपण ‘मागील पानावरून’ आकडा ओढतो, तसे या वहीच्या प्रत्येक पानावर मागच्या पानाचा एक ठसा असतो. मागचे एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो, म्हणून खाडाखोड लगेच उघडी पडते. पान म्हणजे ब्लॉक. २००९ च्या ३ जानेवारीला पहिले पान लिहिले गेले. लिहिणाऱ्याने सातोशी नाकामोटो हे नाव घेतले होते, माणूस कोण ते आजवर बाहेर आले नाही.

हे पान वहीत कोणी चिकटवायचे? बँक नाही, मॅनेजर नाही, हेडक्लार्क नाही. तर जगभरची यंत्रे पानाच्या मजकुरात एकेक आकडा घालून ठसा काढून पाहतात. ठसा ठरलेल्या मर्यादेखाली आला, म्हणजे त्याच्या सुरुवातीला पुरेशी शून्ये आली, की पान त्याचे. त्याला बक्षीस मिळते. ठसा काढायच्या रीतीला शा-२५६ म्हणतात. ती अमेरिकेत तयार झाली आणि २००१ साली जाहीर झाली. उत्तर आधी ओळखायची युक्ती कोणाला सापडलेली नाही, आकडे घालत बसायचे एवढेच. आम्ही म्हणालो, अरे, हा तर मटकाच झाला! पोरगा हसला. म्हणाला, “मटक्यात कोणीतरी आकडा काढतो, काका. इथे काढणारा नाही.” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

दर दहा मिनिटांनी साधारण एक पान. यंत्रे वाढली की दर २०१६ पानांनंतर, म्हणजे अंदाजे पंधरवड्याने, मर्यादा आपोआप कडक होते. सुरुवातीला बक्षीस ५० बिटकॉइन होते, दर २ लाख १० हजार पानांनी ते निम्मे होते. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढे जायची नाहीत.

पहिल्या वर्षी हे काम घरच्या संगणकावर होई. मग खेळांसाठीच्या ग्राफिक कार्डावर होऊ लागले. २०१३ पासून तेवढ्या एका कामासाठीच बनवलेल्या चिप आल्या, आणि घरगुती माणूस बाहेर पडला. आजचे कारखानी यंत्र साडेतीन हजार वॅटचे असते. दिवसाला ८४ युनिट! आपल्या वस्तीत तेवढी वीज एका घराला महिनाभर पुरते.

हौशी लोकांनी मात्र नाद सोडला नाही. बिटमेन या चिनी कंपनीच्या मोठ्या यंत्रांमधल्या शेकडो चिपपैकी एकच चिप काढायची आणि तळहाताएवढ्या बोर्डावर बसवायची, अशी ही कल्पना. ‘बिटअ‍ॅक्स’ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे, कोणीही घ्यावा, सुधारावा. ज्ञान कुलूप लावून ठेवायचे नाही ही त्या लोकांची रीत आम्हाला आवडली, हे कबूल करतो.

पोराला असाच बोर्ड स्वतः बनवायचा होता. त्यातली खरी अडचण त्याने समजावली तेव्हा आमचा राग उतरू लागला. चिप नखाएवढी, पण तिला सुमारे १.२ व्होल्टवर बारा-तेरा अँपिअर लागतात. म्हणजे गिझरच्या जाड वायरीतून जातो तेवढा प्रवाह बोर्डावरच्या कागदासारख्या तांब्यातून न्यायचा. बाहेरून येतात ५ व्होल्ट, ते उतरवणारे सर्किट चिपच्या अगदी शेजारी लागते. वाटेत ओहमचा शंभरावा भाग विरोध राहिला तरी बारा अँपिअरला ०.१२ व्होल्ट वाटेतच गळतात, म्हणजे दहावा हिस्सा. “डीपीपासून लांबच्या शेतातला पंप कसा कण्हतो, काका, तसं.” ही उपमा त्याचीच. म्हणून तांब्याच्या रेषा रुंद ठेवायच्या, बोर्ड अनेक थरांचा करायचा, चिपवर हीटसिंक आणि छोटा पंखा बसवायचा, नाहीतर चिप तापून मरते. हुकूम देणारा छोटा संगणक, ईएसपी ३२, तो ३.३ व्होल्टवर बोलतो आणि चिप त्याहून कमी व्होल्टवर ऐकते, म्हणून मध्ये दुभाषी सर्किट. आणि ही चिप किरकोळीत कंपनी विकत नाही. जुन्या यंत्रांच्या बोर्डावरून गरम हवेने उतरवलेली मिळते, चांगली की मेलेली ते लावल्यावरच कळते.

त्याने खर्चाचा आकडा काढला होता अठरा हजार. त्यात एकदोनदा फसणे धरलेले नव्हते. मायच्या गळ्यातली पोत त्यासाठीच हवी होती.

मग आम्ही वही मागितली. आम्हाला सर्किट येत नाही, पण जमाखर्च येतो.

जगभरच्या यंत्रांचा जोर २०२५ मध्ये सेकंदाला एकावर एकवीस शून्ये इतक्या प्रयत्नांच्या आसपास गेला. पोराचे यंत्र चांगले चालले तर सेकंदाला सव्वा लाख कोटीच्या आतबाहेर, म्हणजे १.२ टेराहॅश. आकडा केवढा मोठा वाटतो! पण भागाकार केला तर एकट्याच्या बळावर एक पान लागायला सरासरी पंधरा-सोळा हजार वर्षे. तथागतांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाली, त्याच्या सहापट. जुलै २०२४ मध्ये अशाच छोट्या यंत्राला एक पान लागल्याची बातमी जगभर पसरली होती, पोराने ती कापून भिंतीवर लावली होती. लॉटरी कोणालातरी लागतेच. दुकानदार तोच एक फोटो लावतो.

एकट्याने न खेळता हजारोंच्या गटात राहिले तर वाटा रोज थोडाथोडा मिळतो. हिशेबाला सोपे म्हणून बिटकॉइन एक कोटीचे धरले (२०२५ मध्ये काही काळ ते त्याच्या वर गेलेही होते). दिवसाचे १४४ पाने गुणिले ३.१२५, म्हणजे जगभर ४५० बिटकॉइन. त्यात पोराचा वाटा पाच रुपये चाळीस पैसे. यंत्र १८ वॅटचे, दिवसाला ०.४३ युनिट, दहा रुपयांच्या दराने चार रुपये तीस पैसे. उरले एक रुपया दहा पैसे. मावशी म्हणाल्या, “उरलं तर खरं!” पण अजून कर राहिला होता. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर सरळ ३० टक्के आयकर आहे आणि खरेदीच्या किमतीखेरीज दुसरा खर्च वजा होत नाही. खाणकामाच्या यंत्रणेचा खर्चही खरेदीखर्च धरला जाणार नाही, असे सरकारने २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. म्हणजे लाइटबिल तुमचे आणि कर पूर्ण पाच चाळीसवर, एक रुपया बासष्ट पैसे. रोजची बावन्न पैसे तूट. अठरा हजार तर अजून मोजलेच नाहीत.

पोरगा बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “भाव वाढला तर?” आम्ही म्हणालो, भाव वाढेल असे वाटत असेल तर यंत्र कशाला, आणि पडला तर? त्याच्याकडे आणि आमच्याकडेही याचे उत्तर नाही.

इथे त्या मंगल कार्यालयातल्या भाषणाचेही देणे फेडतो. १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात बाबासाहेबांनी रुपया किती छापावा याला ठाम मर्यादा असावी, असे मांडले हे खरे आहे. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. बिटकॉइनलाही मर्यादा आहे, म्हणून त्या कोटवाल्याने दोन्हींची सांगड घातली. पण बाबासाहेबांना ती मर्यादा कशासाठी हवी होती? रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहावी म्हणून. भाव चढले की पगारावर आणि मजुरीवर जगणाऱ्याच्या ताटातले कमी होते, ही त्यांची चिंता होती. जे नाणे वर्षात दुप्पट होते आणि पुढच्या वर्षी निम्म्याखाली येते, त्याच्या जाहिरातीला त्यांचे नाव लावणे म्हणजे ग्रंथ न वाचता मुखपृष्ठ विकणे आहे. आम्ही तेव्हा टाळ्या वाजवल्या कारण आम्हीही वाचला नव्हता.

पोत गहाण पडली नाही. पण पोराला नुसते नाही म्हणून उठायला आमचे मन होईना. त्याने काढलेला नकाशा खराच होता. आम्ही तो नांदेडच्या एका ओळखीच्या शिक्षकांना दाखवला. चिप सोड, असे ते म्हणाले, पण ५ चे १.२ व्होल्ट करणारा भाग तेवढा बनवून बघ, शिकण्यासारखे सगळे त्यातच आहे. बोर्ड छापून आले, सुटे भाग आले, सगळे मिळून अडीच हजारांच्या आत. पहिला बोर्ड दोन मिनिटांत धुरावला. तांब्याची रेषा एके ठिकाणी अरुंद राहिली होती. दुसऱ्याने दहा अँपिअरचा भार अर्धा तास सोसला, तेव्हा रात्री अकरा वाजता तो आम्हाला उठवायला आला. आम्ही चिडलो आणि बघायला गेलो.

तिसरा अजून टेबलावर आहे. मधल्या काळात त्याच्याकडे शेतावरच्या सौरपंपाचे बंद पडलेले कंट्रोलर येऊ लागले. त्यातही हेच व्होल्ट चढवणे-उतरवणे असते, फक्त मोठ्या अंगाचे. पहिल्या तीनपैकी दोन चालू झाले, एक त्याने जाळला आणि शेतकऱ्याला भरून दिला. आता जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची प्रयोगशाळा व्हायची आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. तिथे इलेक्ट्रॉनिक्सची माणसे लागतीलच, असे तो म्हणतो. आम्ही त्याला डिप्लोमाचा फॉर्म आणून दिला आहे. तो भरला आहे का, हे दर रविवारी विचारावे लागते.

हौस मात्र त्याने सोडलेली नाही. नुसत्या ईएसपी ३२ वर चालणारे ‘नर्डमायनर’ नावाचे खेळणे त्याने स्वतःच्या कमाईतून दोन हजारांत आणले. सेकंदाला ७८ हजार प्रयत्न. आम्ही वहीत भागाकार करून पाहिला, एक पान लागायला चोवीस हजार कोटी वर्षे. विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे सांगतात. ते काडेपेटीएवढे यंत्र मावशींच्या टीव्हीवर ठेवलेले असते, इवल्याशा पडद्यावर आकडे पळत असतात. संध्याकाळी मार्केटातून आल्या की मावशी हळदीचे हात धुतात, चहाचे आधण ठेवतात आणि आतूनच विचारतात, “लागला का रे नंबर?”