पितळेची साक्ष

‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला. त्यांच्या ‘कार्तुशु’ला मराठी वळण देऊन आपण तो असा काही घरचा करून टाकला, की आता तो परका वाटतच नाही. ‘मॅग्नम’ला मात्र असा प्रतिशब्द मिळालेला नाही. मूळ लॅटिन अर्थ ‘मोठे’. युरोपात द्राक्षमद्याच्या दुप्पट मापाच्या बाटलीला मॅग्नम म्हणत. तेच नाव विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी जादा दारूच्या काडतुसांना दिले. पिण्याच्या आणि उडविण्याच्या अशा दोन्ही पदार्थांना दारूच म्हणणाऱ्या आपल्या भाषेला त्यात नवल वाटायचे कारण नाही!

काडतुसात चार वस्तू असतात. पितळेचे नळकांडे, त्याच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडात गोळी. बार उडाला की दारू जळते, टोपी निकामी होते, गोळी निघून जाते. मागे उरते ते पितळ. ते पुन्हा वापरता येते, आणि एवढ्याच गोष्टीवर अमेरिकेत एक अख्खा छंद उभा आहे. आपल्याकडे घराच्या कोपऱ्यात शिवणयंत्र असते, तसे तिथल्या कित्येक नेमबाजांच्या घरी हे काडतुसे भरण्याचे यंत्र असते. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतूस बनविणे हा गुन्हा आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.) घरी भरलेले काडतूस स्वस्त पडते आणि आपल्या रायफलीच्या तब्येतीला मानवेल असे करता येते. पण खरा मोह निराळाच. चिमूटभर दारू जास्त घातली, तर गोळी आणखी वेगाने जाईल का?

जाईल. पण त्याची किंमत दाबाच्या रूपाने मोजावी लागते. १९६३ साली निघालेल्या .३०० विंचेस्टर मॅग्नमचे उदाहरण घेऊ. त्याची बारा ग्रॅमहून किंचित हलकी गोळी सेकंदाला सुमारे नऊशे मीटर, म्हणजे आवाजाच्या अडीचपटीहून अधिक वेगाने नळीबाहेर पडते. त्यासाठी आतल्या दाबाची ठरलेली मर्यादा आहे चौरस इंचाला ६४,००० पौंड. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तो साधारण पंधरा पौंडांना. म्हणजे चार हजार कुकरांचा जोर, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, आणि नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापासून काही इंचांवर!

हा दाब घरबसल्या ओळखायचा कसा? जुने जाणते नेमबाज रिकाम्या पितळेकडे बोट दाखवितात. टोपीच्या गोलसर कडा चपट्या झाल्या, बोल्ट उचलताना जड लागला, पितळेच्या बुडावर यंत्रातल्या भोकाचा चकचकीत ठसा उमटला, की समजावे दाब वाढला. कोणी सूक्ष्ममापक लावून बूड किती फुगले ते इंचाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत मोजतो.

माझ्या मते ही सारी साक्ष उशिरा येणाऱ्या साक्षीदाराची आहे. चांगल्या पितळेवर ठसा उमटतो तेव्हा मर्यादा बहुधा मागेच पडलेली असते. शिवाय एका कारखान्याचे पितळ कडक, दुसऱ्याचे मऊ, टोप्यांचेही तेच. मॅग्नमच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. त्यांतल्या पुष्कळांच्या बुडाशी धातूचा पट्टा असतो आणि नळीत काडतूस त्या पट्ट्यावर अडते, त्यामुळे पुढे खांद्याशी थोडी सैल जागा राहू शकते. बार उडताना टोपी मागे सरकते, मग पितळ मागे येऊन तिच्यावर आदळते आणि ती चपटी होते. दाब बेताचाच, पण साक्ष भलतीच!

उलट प्रकारही घडलेला आहे. १९५९ साली ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकात एका जपानी अरिसाका रायफलीची हकीगत आली होती. मालकाने तिचे काडतूस बसायचे घर .३०-०६ या मोठ्या काडतुसासाठी कोरून घेतले. नळी मात्र मूळची, साडेसहा मिलिमीटरचीच राहिली. जवळजवळ आठ मिलिमीटर जाडीची गोळी त्या अरुंद नळीतून पिळून निघत होती, आणि त्या गृहस्थाची तक्रार काय, तर रायफल फार धक्का देते! फुटली नाही ती. ती फुटली नाही म्हणून दाब बेताचा होता असे कोण म्हणेल? कोलोरॅडोचे नामांकित बंदूकतज्ज्ञ पी. ओ. ॲकली यांनी मुद्दाम रायफली फुटेपर्यंत दारू भरून पाहिल्या, तेव्हाही अरिसाकाच सर्वांत चिवट ठरली होती.

दारूचे कारखाने दाब मोजतात तो जाडजूड चाचणीनळीत. पूर्वी १८६० च्या दशकातली अँड्र्यू नोबल यांची युक्ती वापरीत. तांब्याचा छोटा दंडगोल किती चेपला त्यावरून अंदाज. आता स्फटिक लावतात. .३०० विंचेस्टरची मर्यादा तांब्याने मोजली की ५४,००० आणि स्फटिकाने ६४,०००, कारण क्षणभर चढणाऱ्या दाबामागे तांब्याला धावता येत नाही. मोजण्यासाठीच घडविलेल्या धातूची ही तऱ्हा, तर घरातल्या रिकाम्या नळकांड्यावर किती भिस्त ठेवायची?

वेगाची गोष्ट मात्र निराळी. तो मोजता येतो, आणि फार पूर्वीपासून मोजला जात आहे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली पुस्तक लिहून आपला लंबक लोकांपुढे मांडला. टांगलेल्या जड लाकडावर गोळी झाडायची, ते किती झुलले ते फितीवर पाहायचे आणि त्यावरून वेग काढायचा. सेकंदाला दीड हजार फुटांवर आकडे आले. हाच रॉबिन्स पुढे कंपनी सरकारचा मुख्य अभियंता होऊन मद्रासकडे आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तापाने वारला. त्याच्या लंबकाचे काम आता खिशात मावेल एवढे रडारयंत्र करते.

आणि दाबाची खरी चाहूल तेच देते. नळी तीच, गोळी तीच, दारू तीच असेल, तर वेग फुकट मिळत नाही. पुस्तकात दिलेला वेग पुस्तकातल्यापेक्षा कमी दारूत आला, तर दाबही तिथवर पोचलेला असतो. मग टोपी कितीही गोल दिसो, हात आवरावा. पुस्तकातल्यापेक्षा शंभर फूट जादा मिळाले म्हणून जो मिशीला पीळ देतो, त्याची रायफल मला कोणी फुकट दिली तरी नको.

हवेचाही हिशेब आहे. तापलेली दारू अधिक जोराने जळते. हिवाळ्यातल्या सकाळी बेतलेला बार ऐन उन्हाळ्यात आडदांड होतो. हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत आलेल्या साहेबांना कॉर्डाइट दारूने हा धडा दिला होता. पितळ नळीत अडकून बसे, आणि समोरचे जनावर थांबायला तयार नसे. म्हणून हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ साली .३७५ मॅग्नम काढली, तेव्हा तिचे पितळ लांब आणि तोंडाकडे निमुळते ठेवले. तापल्या नळीतूनही ते सहज बाहेर सुटते.